आधी निरीक्षण, मग अनुमान

(दहावी १९९६च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'शाळेने मला काय दिलं'. या विषयावर सकाळपासून सहा जण बोलले. शिस्त, संस्कार, पाढे, शुद्धलेखन, छड्या, सगळं सांगून झालं आहे. माझ्या वाट्याला फारसं काही उरलेलं नाही. म्हणून मी एका बिअरबद्दल बोलणार आहे.

हसून घ्या. मागच्या बाकावरून शिट्टी येणार हेही मला ठाऊक होतं. संयोजकांना मी आधीच विचारलं होतं. ते घाबरून म्हणाले, "सरांना विचार." मी विज्ञानाच्या सरांना फोन केला. सर म्हणाले, "काय बोलणार ते मला सांगू नकोस. जे बोलशील ते नीट बोल." तेव्हा पुढची जबाबदारी माझी आणि थोडी सरांची.

आधी नववीत जाऊ या. आपली प्रयोगशाळा आठवते ना? गळका नळ, एक पाय आखूड असलेलं टेबल, आणि कपाटातला तो सांगाडा, ज्याला तुम्ही लोकांनी मुख्याध्यापकांचं नाव दिलं होतं. तिथे आपण किण्वनाचा प्रयोग केला. शंकुपात्रात गुळाचं पाणी, त्यात सरांनी बेकरीतून आणलेलं किण्व, वर रबरी बूच, बुचातून वाकडी काचनळी, आणि नळीचं टोक चुन्याच्या निवळीत. दुसऱ्या दिवशी निवळी दुधासारखी पांढरी झाली. कार्बन डायऑक्साइड वायू तयार झाला, हे सिद्ध झालं. मग सरांनी बूच काढलं आणि एकेका गटाला शंकुपात्राचा वास घ्यायला सांगितलं.

पोरांनी काय गोंधळ घातला! "सर, दारू झाली!" कुणी झिंगल्याचं सोंग केलं, कुणी बाकावर आडवं पडलं. आमच्या गटाची प्रयोगवही माझ्याकडे होती. साहित्य लिहून झालं होतं, कृती लिहून झाली होती. निरीक्षणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'घाणेरडा वास येतो.'

सर वह्या तपासत आले. त्यांनी 'घाणेरडा' या शब्दाखाली लाल रेघ मारली आणि म्हणाले, "हे निरीक्षण नाही, हे तुझं मत आहे. मत अनुमानातसुद्धा बसत नाही. वास कसा येतो? आंबूस? गोडसर? कशासारखा? पुन्हा वास घे आणि लिही. आधी निरीक्षण, मग अनुमान."

मी पुन्हा वास घेतला नाही. मान खाली घालून उभी राहिले. सर थोडा वेळ थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पुढच्या टेबलावर गेले. सही केली, पण तो रकाना तसाच राहिला. लाल रेघेखाली कोरी जागा.

माझ्या बाकावर बसणाऱ्या दोघींना सोडून कुणाला कारण ठाऊक नव्हतं. आज सांगते. तो वास मला ओळखीचा होता. माझे वडील, अण्णा, साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. आपल्या गावाला मळीचा वास नवा नाही. वारा फिरला की कारखान्याचा वास शाळेच्या मैदानापर्यंत यायचा. तो वास मला कधी वाईट वाटला नाही. पण रात्री दार वाजलं की दुसरा एक वास आधी घरात यायचा आणि मग अण्णा यायचे. पुढचं सांगत नाही. ज्यांच्या घरी होतं त्यांना कळेल, आणि ज्यांच्या घरी नव्हतं त्यांनी ते नशीब समजावं.

त्या प्रयोगानंतर आठवड्याभराने सरांनी माझ्या आईला शाळेत बोलावलं. मला वाटलं, वहीची तक्रार असेल. सरांनी एका कागदावर पुण्याच्या मुक्तांगणचा पत्ता लिहून दिला. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं ते व्यसनमुक्ती केंद्र. सर आईला म्हणाले, "हा आजार आहे, वहिनी. आजाराला औषध असतं." असं त्या काळात आपल्या गावात कुणी म्हणत नव्हतं. लोक म्हणायचे, दारुडा आहे. किंवा म्हणायचे, बायकोने धाक ठेवला नाही.

तो कागद दोन वर्षं आईच्या पत्र्याच्या डब्यात होता. १९९७ साली मी बारावीला असताना अण्णा स्वतः म्हणाले, "चला कुठं जायचं ते." परत आले ते हातापायांना कंप असलेले, बारीक झालेले, पण शुद्धीत. त्यानंतर सतरा वर्षं, २०१४ साली जाईपर्यंत, त्यांनी एक थेंब घेतला नाही. खोकल्याच्या औषधाची बाटली आणली तर आधी मला वाचायला लावायचे, "यात ते आहे का बघ." नाताळात माझ्या ऑफिसातून केक आला तर तो बाजूला ठेवायचे. मी म्हणायचे, "अण्णा, एवढ्याने काय होतंय?" ते म्हणायचे, "तुला नाही होणार. मला ठाऊक नाही ना."

अशा घरातली मुलगी दारूला हात लावणार नाही, हे वेगळं ठरवावं लागत नाही. मी अभियांत्रिकी केली, पुण्यात नोकरीला लागले. आमच्या क्षेत्रात पार्ट्या पुष्कळ. वीस वर्षं माझ्या हातात संत्र्याचा रस आणि बाकीच्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या. मी पीत नाही म्हणजे सगळ्यांना घरी सोडायचं काम माझं, हे प्रत्येक टीममध्ये गृहीत होतं. कुणी आग्रह केला तर मी म्हणायचे, "मला वास सहन होत नाही." म्हणजे नववीतलंच वाक्य, फक्त जरा सभ्य भाषेत.

तीन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी मी दीड महिना अमेरिकेत होते, विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात. विस्कॉन्सिन म्हणजे दुधाचा आणि चीजचा मुलूख. शहराबाहेर पडलं की गाई, गोठे, मक्याची शेतं आणि उंच धान्यकोठारं. आपल्याकडच्या माणसाला तिथे परकं वाटत नाही, थंडी सोडली तर. एका शनिवारी टीममधले लोक म्हणाले, न्यू ग्लॅरसला जाऊ. मॅडिसनच्या दक्षिणेला, गाडीने पाऊण तासाच्या आत. स्वित्झर्लंडच्या ग्लॅरस भागातून आलेल्या लोकांनी १८४५ साली वसवलेलं हे गाव. लाकडी नक्षीच्या गॅलऱ्या, खिडक्यांत फुलं, दुकानांवर गाईंची चित्रं. आणि गावाबाहेर टेकडीवर बिअरचा कारखाना, न्यू ग्लॅरस ब्रुअरी.

या ब्रुअरीबद्दल दोन गोष्टी मला फार आवडल्या, त्या आधी सांगते. पहिली, ती १९९३ साली सुरू केली ती डेबोरा कॅरी या बाईंनी. त्यांचे पती डॅन कॅरी बिअर बनवण्यातले तज्ज्ञ. बाईंनी भांडवल उभं करून जणू नवऱ्याला कारखाना भेट दिला. अमेरिकेत ब्रुअरी स्थापन करून ती चालवणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. दुसरी गोष्ट, ही बिअर फक्त विस्कॉन्सिनमध्ये विकली जाते. शेजारच्या राज्यात, तासादोन तासांच्या अंतरावरसुद्धा दुकानात मिळत नाही. मागणी नाही म्हणून नव्हे, त्यांनी तसं ठरवलं म्हणून. आपल्या राज्याला पुरवता येईल एवढं करायचं आणि ते चांगलं करायचं. दर तिमाहीला वाढीचे आकडे मागणाऱ्या क्षेत्रात काम करणाऱ्या माझ्यासारखीला हे ऐकून बरं वाटलं.

त्या दिवशी गाडी दुसऱ्या सहकाऱ्याने आणली होती. तो पीत नव्हता. म्हणजे वीस वर्षांत प्रथमच किल्ली माझ्या हातात नव्हती.

आता पुढचं प्रयोगवहीप्रमाणे सांगते.

साहित्य. ज्या बिअरची गोष्ट आहे तिचं नाव 'विस्कॉन्सिन बेल्जियन रेड'. तिच्यात बार्लीबरोबर विस्कॉन्सिनचा गहू असतो, वर्षभर ठेवून जुने केलेले हॉप्स असतात आणि चेरी असतात. चेरी थोड्याथोडक्या नाहीत. साडेसातशे मिलीलिटरच्या एका बाटलीमागे एक पौंडापेक्षा जास्त, म्हणजे जवळजवळ अर्धा किलो. मॉन्टमोरेन्सी जातीच्या या आंबट चेरी. आपण केकवर पाहतो त्या पाकातल्या लाल गोळ्या नव्हेत. त्या विस्कॉन्सिनच्याच डोर काउंटीतून येतात. मिशिगन सरोवरात शिरलेली ती जमिनीची लांब जीभ आहे, पाण्यामुळे थंडी जरा सौम्य होते आणि चेरीला मानवते. बेल्जियममध्ये गहू आणि बार्लीच्या आंबट बिअरमध्ये चेरी मुरवण्याची जुनी पद्धत आहे, तिला क्रीक म्हणतात. हिच्या नावातलं 'बेल्जियन' तिकडून आलं.

कृती. इथे मला गंमत वाटली. काचेपलीकडची भलीमोठी भांडी बघत होते आणि प्रत्येक पायरी मला ओळखीची होती. बार्लीला मोड आणतात आणि वाळवतात. माझी आई नाचणीचं सत्त्व करताना दुसरं काय करायची? मोड आले की दाण्यात असं विकर तयार होतं, जे पिठुळ भागाची साखर करतं. म्हणून तर मोड आलेली नाचणी जिभेला गोडसर लागते. मग ते धान्य भरडून साधारण पासष्ट अंशांच्या गरम पाण्यात ठेवतात. विकर आपलं काम करतं आणि पाणी गोड होतं. यात गहू घातला की त्यातल्या प्रथिनांमुळे फेस दाट येतो आणि टिकतो. पण नुसता गहू चालत नाही. गव्हाचं टरफल मळणीत निघून जातं, बार्लीचं राहतं, आणि गोड पाणी गाळताना तेच टरफल गाळणीचं काम करतं. गव्हाची चपाती करणारे आपण, पण ही गोष्ट मला चाळिशी ओलांडल्यावर कळली.

ते गोड पाणी हॉप्सच्या फुलांबरोबर उकळतात. ताजे हॉप्स कडू, जुने झाले की कडवटपणा कमी होतो. मग थंड करून किण्व घालतात. पुढचं तुम्हाला पाठ आहे. किण्व साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड देतं. गळक्या नळाच्या प्रयोगशाळेत जे झालं, तेच इथे चकचकीत टाक्यांत होत होतं. फरक एवढा, की पुढे ही बिअर ओकच्या लाकडी टाक्यांत चेरीबरोबर मुरते.

हे सगळं बघता बघता मला एक जाणवलं. मी या पदार्थाबद्दल सगळं सांगू शकत होते, पण एक रकाना कोरा होता. आणि तो मी स्वतः कोरा ठेवला होता.

तरीही माझा हात लगेच पुढे गेला नाही. मी बाजूच्या बाकावर जाऊन बसले आणि हिशोब केला. इंजिनियर घाबरली की हिशोब करते. या बिअरमध्ये अल्कोहोल चार टक्के. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे साडेसातशे मिलीलिटरच्या अख्ख्या बाटलीत तीस मिलीलिटर अल्कोहोल. व्हिस्कीत तेवढं सत्तर मिलीलिटरमध्ये येतं, एका मोठ्या पेगपेक्षा थोडं जास्त. माझ्या पुढ्यात येणार होता तो चव बघण्याचा लहानसा ग्लास. आकडा भीतीदायक नव्हता. पण आकड्याची भीती नव्हतीच मला. भीती ही होती, की अण्णांचं रक्त माझ्यात आहे. दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे निम्मा मानला जातो, हे मी वाचलेलं होतं. घोट घेतला आणि मला तो आवडला तर? फार आवडला तर? वीस वर्षं मी वासाचं कारण सांगत होते. खरं कारण हे होतं.

त्या बाकावर बसून मी एकच गोष्ट ठरवली. ग्लास अर्धा ठेवायचा. आवडलं तरी अर्धा ठेवायचा. जमलं नाही, तर पुन्हा कधीही नाही.

आता निरीक्षण. सर, हे तुमच्यासाठी.

रंग: कोकमाच्या सरबतासारखा लाल, उजेडात धरला तर कडेला नारिंगी झाक. वर गुलाबीसर फेस, थोडा वेळ टिकून कडेला जमणारा. वास: आधी चेरीचा, मग मागून बदामाच्या अर्कासारखा काहीतरी. चेरीच्या बीचा वास बदामासारखाच असतो, हे मला नंतर आठवलं. किंचित ओल्या लाकडाचा. आंबूस, पण शिळ्या आंबट वरणाचा नव्हे, मुरलेल्या फळाचा.

रात्री आमच्या घरात येणारा वास त्यात नव्हता. मी शोधला. डोळे मिटून, अगदी ठरवून शोधला. नव्हता.

चव: आधी गोड, बऱ्यापैकी गोड. मग जिभेच्या कडांना आंबट, करवंदाचं आंबट. नंतर घशाशी थोडं तुरट, जांभूळ खाल्ल्यासारखं. कडू जवळजवळ नाही. बुडबुडे बारीक. गव्हाचा म्हणून वेगळा स्वाद मला ओळखता आला नाही, पण घोट पातळ पाण्यासारखा नव्हता, त्याला जरा अंग होतं. थंड असताना चेरी पुढे येते आणि ग्लास हातात थोडा वेळ राहिला की लाकूड. दुसरा घोट पहिल्यापेक्षा जास्त गोड वाटला. तिसऱ्या घोटाला मला आजोळची आठवण झाली, मामाच्या गावी आम्ही करवंदं मीठ लावून उन्हात ठेवायचो ती.

चांगली होती. खोटं कशाला सांगू? फार चांगली होती.

ग्लास अर्धा ठेवून मी उठले. उठता आलं. मागे वळूनही बघितलं नाही असं म्हणणार नाही. एकदा बघितलं.

संध्याकाळी खोलीवर आले आणि मला झोप येईना. आपल्याकडे सकाळ झाली होती. आईला फोन लावला. तिच्यापासून मी मार्कांशिवाय कधी काही लपवलं नव्हतं. सांगून टाकलं, "आई, मी आज बिअर प्यायले. अर्धा ग्लास." पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा अण्णांचं नाव घेईल. ती म्हणाली, "कशी लागली?"

मी म्हटलं, "आंबटगोड. करवंदासारखी."

ती म्हणाली, "होय?" आणि मग थोड्या वेळाने, "ह्यांना कधी चवीचं विचारलं नाही बघ मी. हे नाक धरून प्यायचे. पहिल्यापासून. तोंड असं वेडंवाकडं करून, औषध घेतल्यासारखं. चव आवडायची नाही त्यांना."

ऐंशीच्या घरातल्या माझ्या आईने हे सांगितलं आणि मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेले. इतकी वर्षं मी धरून चालले होते, की अण्णांना दारू आवडायची. आमच्यापेक्षा जास्त आवडायची. लहानपणी माझा सगळा राग त्यावर होता, की यांना आम्ही आवडत नाही, ती आवडते. आणि ती त्यांना आवडतच नव्हती. माझं ते अनुमान होतं, निरीक्षणाशिवाय काढलेलं. ज्याने जवळून निरीक्षण केलं होतं तिला मी कधी विचारलंच नव्हतं.

सरांनी १९९५ साली आईला जे सांगितलं होतं, हा आजार आहे, ते माझ्या कानांनी तेव्हा ऐकलं होतं. मला कळलं ते त्या रात्री.

आता शेवटचा रकाना, अनुमान. इथे मी जपून बोलणार आहे, कारण सर समोर बसले आहेत आणि एका प्रयोगावरून नियम काढता येत नाही.

मी असं अनुमान काढत नाही, की फळाची बिअर निरुपद्रवी असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे, की आरोग्याला सुरक्षित म्हणावं असं अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण नाही. चेरी घातल्याने ते बदलत नाही. मी असंही म्हणत नाही, की मला अर्धा ग्लास ठेवता आला म्हणून सगळ्यांना ठेवता येतो. अण्णांना आला नसता, आणि त्यात त्यांचं पाप नव्हतं. म्हणून ते खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा वाचायला लावत. सतरा वर्षं रोज एक घोट न घेणं हे माझ्या अर्ध्या ग्लासापेक्षा कितीतरी अवघड काम होतं, हे मला माझा अर्धा ग्लास ठेवताना समजलं. एवढंच माझं अनुमान आहे.

त्यानंतर मी पुन्हा प्यायले नाही. प्रतिज्ञा वगैरे काही केलेली नाही. गरज वाटली नाही, आणि ती बिअर विस्कॉन्सिनबाहेर मिळतही नाही, त्यामुळे माझं काम सोपं झालं. एक बदल मात्र झाला. आता पार्टीत कुणी आग्रह केला तर मी वासाचं कारण सांगत नाही. सरळ सांगते, "माझ्या वडिलांना हा आजार होता, म्हणून मी घेत नाही." गंमत म्हणजे त्यानंतर कुणी पुन्हा आग्रह करत नाही. उलट दोन वेळा असं झालं, की पार्टी संपल्यावर टीममधला एखादा मुलगा बाजूला घेऊन विचारतो, "ताई, त्यांनी कशी सोडली?" मी त्याला मुक्तांगणचा पत्ता देते. सरांनी आईला दिला होता तसाच, कागदावर लिहून. फोनवर पाठवलेला पत्ता हरवतो, कागद डब्यात राहतो.

हे आज इथे सांगण्याचं कारण तेच आहे. आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. आपल्या तुकडीतले दोघे आज या सभागृहात नाहीत, आणि का नाहीत हे आपल्याला माहीत आहे. आपण त्यांच्याबद्दल हळू आवाजात बोलतो. दुपारी जेवणाच्या रांगेतही बोललो. 'घाणेरडा' हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण आपल्या मनात तो होता. माझ्याही होता. ते आपल्यात असताना त्यांना बसवून, "तुला काय होतंय?" असं आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? मी विचारलं नाही. समोर बसलेल्यांपैकी कुणाला, किंवा कुणाच्या घरी, आज गरज असेल, तर चहाच्या वेळी मी दारापाशी उभी आहे. कागद आणि पेन माझ्या पर्समध्ये आहे.

सर, विषय होता शाळेने मला काय दिलं. तुम्ही मला एक लाल रेघ दिली आणि तिच्याखालची जागा कोरी सोडलीत. त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही मला कारण विचारलं असतंत, तर मी शाळेत यायचं बंद केलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत आणि आईला बोलावलंत. माझी ती प्रयोगवही अजून घरी आहे. येण्याआधी मी तो रकाना भरला आहे: आंबूस, गोडसर, मुरलेल्या फळासारखा. अक्षर नववीसारखं चांगलं राहिलेलं नाही. वही बरोबर आणली आहे. तेवढी सही करून द्या.